प्रीताची दुनळी आणि भरून दिलेली पिशवी

अमेरिकेत बॉथेलला माझ्या मुलाच्या घरासमोर खांबावर बसवलेली पत्रपेटी आहे, आपल्याकडे कबुतरांना खोकं ठोकतात तशी. गेल्या सप्टेंबरात मी ती उघडायला रबरी स्लीपर घालून निघालो आणि उतारावरच्या ओल्या शेवाळावर असा आपटलो की दोन्ही पाय आभाळाकडे. डोळे उघडायच्या आत कानावर आलं, "आजोबा, हलू नका. आधी सांगा, कुठं लागलं?"

जरा इंग्रजी वळणाची, पण मराठीच. मान वळवून बघतो तर समोर पोस्टाची गाडी, तिचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजव्या अंगाला, आणि तिच्यातनं उतरलेली एक पोरगी. निळी अर्धी चड्डी, डोक्याला टोपी, पायात जाडजूड बूट, खांद्याला टपालाची पिशवी. पडल्याचं मी विसरलोच.

"मी मराठी आहे हे तुला कसं कळलं गं?"

"पडताना तुम्ही 'आई गं' म्हणालात," ती म्हणाली आणि काखेत हात घालून तिनं मला उभं केलं. सत्तर किलोचा माणूस, पण पोतं उभं करावं तसं.

ही प्रीता देशकर. बाप संजय नागपूरचा, तीस वर्षांमागं इथं सॉफ्टवेअरमध्ये आला. आई रेणू. ही जन्मली इथंच. कॉलेजात दोन वर्षं जीवशास्त्र शिकली, मग "वर्गात बसवत नाही" म्हणून सोडून दिलं आणि पोस्टात लागली. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर संजय म्हणतो, "लॉजिस्टिक्समध्ये आहे." मला हे कळलं तेव्हा मी त्याला म्हटलं, अहो, आमच्या गावात पोस्टमन आला की म्हातारी माणसं उठून पाट मांडायची. तो कसनुसं हसला. मी मात्र खूश. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला पोस्टमनचा मान ठाऊक असतो. पोस्टमन बाई असू शकते आणि ती आपल्याच माणसांतली असू शकते, एवढंच नवीन होतं.

त्या दिवसापासून तिची गाडी यायच्या वेळेला मी पायरीवर बसून राहायला लागलो. ती दोन मिनिटं थांबायची. मी एक गोष्ट सांगायचो, ती अर्धी ऐकून निघायची, उरलेली दुसऱ्या दिवशी. एकदा मी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी काय करतेस?"

"रविवारी? ससे मारायला जाते."

माझ्या हातातनं काठी सुटली. मला वाटलं थट्टा करते आहे. पण ती गठ्ठ्यातली पत्रं निवडत होती आणि चेहरा सरळ होता.

"कशानं मारतेस?"

"बंदुकीनं, आजोबा. दगडानं नाही लागत."

मी आजऱ्याच्या वरच्या अंगाचा, जंगलालगतचा माणूस. आमच्याकडे भात राखायला परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असायच्या. तोंडातनं दारू घालायची, गजानं ठासायची, वर छर्रे, वर चिंधी. माझा सोबती कृष्णा नाईक याच्याकडे तसली एक होती. एका साली डुकरं फार झाली म्हणून कृष्णानं दारूची मूठ जरा सढळ टाकली. बार झाला तो डुकराकडे गेलाच नाही, नळी मध्येच उकलली. कृष्णाच्या डाव्या हाताची दोन बोटं बांधाच्या पलीकडे पडली. पुढं जन्मभर त्यानं पटक्याचं एक टोक दातांत धरून पटका बांधला. ही गोष्ट मी प्रीताला सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "नळी कशी फुटते ते मला माहीत आहे," म्हणाली. "माझी बंदूक बघाल?"

बंदूक घरी कशी आली त्यालाही कारण झालं. खंडेनवमी तोंडावर होती. माझा मुलगा अमित दरवर्षी गराजमध्ये पूजा मांडतो. त्याचं ड्रिल मशीन, लॅपटॉप, सूनबाईंचा मिक्सर, नात आन्याचं व्हायोलिन. मी म्हटलं, शस्त्रांची पूजा आणि शस्त्र एकही नाही, हा काय प्रकार. प्रीताला सांगू या. रुपालीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, कपाळाला आठी घातली. तिच्या घरी अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात उकडतात. ससे मारणारी पोरगी तिला मानवत नव्हती. तोंडानं कधी बोलली नाही, पण प्रीता आली की ती आत जायची. तरी सणाला माणूस नको म्हणणं तिच्या स्वभावात नाही. "येऊ दे," म्हणाली, "पण जेवताना शिकारीच्या गोष्टी नकोत, बाबा."

प्रीता आली ती सलवार-कमीज घालून आणि हातात लांब पेटी घेऊन. पेटी उघडली आणि मी आ वासला. दुनळी बंदूक, शंभर वर्षांच्या आसपासची, इंग्लंडात घडवलेली. अक्रोडाचा दस्ता हाताळून हाताळून काळा झालेला, लोखंडावर वेलबुट्टी. तिनं ती आधी मधोमध मोडली, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे प्रत्येकाला दाखवलं आणि मला म्हणाली, "आजोबा, डोन्ट टच हां. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. कायद्यानं हात लावायचा नाही." मी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि वाकून वाकून बघितली.

बंदूक मूळची आर्नी नावाच्या म्हाताऱ्याची. तिच्या टपालाच्या वाटेवरचं शेवटचं घर त्याचं. एकटा राहायचा. पत्रं नसली तरी ती दार वाजवून विचारपूस करायची, त्यातनं जमलं. त्यानं हिला शेतात नेऊन बंदूक धरायला शिकवली, ससा सोलायला शिकवला. हात थरथरायला लागले तेव्हा बंदुकांच्या दुकानात रीतसर कागद करून बंदूक हिच्या नावावर केली. बरोबर काडतुसांची चामड्याची पिशवी दिली, त्याच्या बापाची. अटी दोनच. बंदूक भिंतीला टांगायची नाही, आणि मारलेलं जनावर टाकून यायचं नाही.

रुपाली तेव्हा आत कुकर बघायला गेली होती. प्रीतानं पिशवीतनं एक काडतूस काढलं. लाल अंग, पितळी बूड. तोंडाशी कागदाच्या पुडीसारख्या घड्या, मध्ये मिटलेल्या. मला थेट उकडीचा मोदक आठवला.

"बरोबर," ती म्हणाली. "आता हा मोदक बार झाला की पुढं उलगडतो. पाकळ्या सरळ होतात, म्हणजे काडतूस लांब होतं. नव्या बंदुकीत त्या पाकळ्यांना उलगडायला जागा असते. हिच्यात काडतुसाचं घर आखूड आहे. त्या काळी काडतुसंच आखूड होती."

"मग नवीन काडतूस आत जातच नसेल."

"तीच तर गंमत आहे. जातं. मिटलेलं असतं ना. अगदी छान बसतं, बंदूक बंदही होते. पण बार झाला की पाकळ्या नळीच्या गळ्यात उलगडतात. गळा आवळला जातो. मागनं सगळे छर्रे आणि गॅस त्याच्यातनं घुसायला बघतात." तिनं डावा हात नळीखाली धरायची जागा दाखवली. "फुटली तर इथं फुटते."

"फरक केवढा?"

तिनं पूजेतल्या अक्षतांतला एक दाणा उचलला आणि काडतुसाच्या टोकाशी धरला. "एवढा."

एका तांदळासाठी माणसाचा हात. म्हणून ती आखूड आणि सौम्य दारूची काडतुसं लांबनं मागवायची, हिशोबानं वापरायची.

पूजा झाली. रुपालीनं डोळे बारीक करून का होईना, दस्त्याला कुंकू लावलं. प्रीता बंदूक उचलायला लागली तशी रुपाली म्हणाली, "अगं, पूजेतलं लगेच हलवतात का? उद्या दसरा होऊ दे."

"मावशी, बंदूक दुसऱ्याच्या घरी ठेवून नाही जाता येत."

"मग निदान ती पिशवी तरी राहू दे. मी आणून देईन."

पिशवी राहिली. प्रीता बंदूक घेऊन गेली, बरोबर पुरणपोळ्यांचा डबा. जाताना तिनं रुपालीला वाकून नमस्कार केला, वर म्हणाली, "मावशी, यू आर द फर्स्ट. माझ्या आईनंसुद्धा हिला अजून कुंकू लावलेलं नाही." रुपाली आत येऊन बराच वेळ ओटा पुसत राहिली, पुसलेलाच.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आम्ही दोघं चहा घेत होतो. अमित आन्याला पोहायला घेऊन गेला होता. बाहेर धुकं. रुपाली आपण होऊन म्हणाली, "बाबा, प्रीताची पिशवी दिली हां मी. काल ती कामावर होती, म्हणून दाराला अडकवून आले. मेसेज टाकला."

"बरं केलंस."

"तळाशी चार-दोनच काडतुसं होती हो त्यात. मला कसंतरी वाटलं. आपण कुणाचा डबा कधी रिकामा परत दिलाय का? भरून दिली."

मला वाटलं, चिवडा भरला असेल. हसत विचारलं, "कशानं भरलीस?"

"काडतुसांनी." ती लाजल्यासारखी झाली. "म्हटलं, इतके दिवस मी तिच्याशी नीट बोललेसुद्धा नाही. फोटो काढून नेला दुकानात. तोच लाल रंग, तसंच पितळ. ब्लाउजपीस मॅच करतो ना, तसं उजेडात धरून आणलं. दुकानदार फोटोतल्या बुडावरचा आकडा बघून म्हणाला, बारा नंबर का? म्हटलं, हो. कशासाठी? म्हटलं, ससे. माझं मलाच हसू आलं."

मी हातातला कप खाली ठेवला.

"लांबी विचारलीस?"

"कसली लांबी?"

मी तिला सांगितलं. मोदक सांगितला, तांदळाचा दाणा सांगितला, गळा सांगितला. नेहमी मी गोष्ट सांगताना ती मध्येच उठून काहीतरी करत असते. त्या दिवशी पापणी हलली नाही. "पण ती बघेल ना," म्हणाली. "तिला कळेल ना बघून."

"तू भरलीस हे तिला सांगितलंस का?"

"नाही. सरप्राइज म्हणून नाही सांगितलं."

प्रीताला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. रेणूला लावला. ती म्हणाली, "अहो, ती उजाडताच गेली. डुव्हॉलच्या पलीकडे ते कोबीचं शेत आहे ना, तिथं. तिथं रेंज नसते. का हो, काय झालं?" रुपालीनं काय सांगितलं ते मला आठवत नाही. ती गाडीची किल्ली शोधत होती आणि किल्ली तिच्या हातातच होती.

वुडिनव्हिलवरून डुव्हॉलकडे जाणारा रस्ता एरवी मला फार आवडतो. दोन्हीकडं उंच झाडं, मग एकदम दरी उघडते आणि खाली नदीकाठची सपाट शेतं. त्या दिवशी दरीत नुसता कापूस भरल्यासारखं धुकं. रुपाली एरवी पाटीवर लिहिलंय त्याहून हळू चालवते. त्या दिवशी मी दाराचं हँडल धरून बसलो होतो.

"बाबा, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. तुमची एखादी गोष्ट सांगा."

मला एकच गोष्ट आठवत होती, पटका दातांत धरणाऱ्या कृष्णाची. मी गप्प बसलो. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा.

"ती पत्रं टाकते," थोड्या वेळानं रुपालीच म्हणाली. "दिवसभर हातानं पत्रं टाकते हो ती."

फाटकाशी प्रीताची जुनी हिरवी गाडी उभी होती. आम्ही दारं उघडी टाकूनच बांधावर चढलो. समोर कोबीच्या ओळी धुक्यात जाऊन नाहीशा झालेल्या. काहीच दिसेना. रुपाली हाक मारायला तोंड उघडते तोच बार झाला.

मी बार पुष्कळ ऐकलेत. हा जड होता, दबल्यासारखा, छातीत घुमला. कावळे उठले. मग काहीच नाही. ना हाक, ना पावलं. रुपालीनं माझा दंड धरला, तिची नखं मला स्वेटरमधनं टोचली. मी कान देऊन ओरडण्याची वाट बघत होतो आणि ते ऐकू येऊ नये म्हणून देवाला विनवीतही होतो.

मग धुकं जरा हललं आणि ओळीच्या टोकाला ती दिसली. उभी होती. दोन्ही हात जागेवर. उजवा खांदा गोल फिरवून बघत होती. पुढं थोड्या अंतरावर ससा आडवा पडलेला. आणि आम्ही बघतोय तोवर बांधालगत दुसरा ससा उठला आणि तिनं बंदूक पुन्हा खांद्याला लावली.

"प्रीता, थांब," रुपालीनं हाक दिली. माझी सून कधी आवाज चढवत नाही. त्या हाकेला शेताच्या पलीकडची कुत्री भुंकायला लागली.

प्रीतानं नळी जमिनीकडं केली, बंदूक मोडली आणि आमच्याकडं बघत राहिली. आम्ही चिखल तुडवत पोचेपर्यंत तिनं रिकामं झालेलं काडतूस बोटानं ओढून काढलं होतं. त्याचं तोंड कातरल्यासारखं झालेलं, कडांच्या चिंध्या झालेल्या. ते ती उलटसुलट करून बघत होती.

"तुम्ही इथं कसे? आणि हे काय झालंय? घोड्यानं लाथ मारल्यासारखी बसली आज."

"पिशवीतली काडतुसं माझी आहेत," रुपाली म्हणाली. धाप लागली होती, तरी एका दमात म्हणाली. "मी विकत आणून भरली. मला लांबीचं माहीत नव्हतं."

प्रीतानं दुसऱ्या नळीतलं काडतूस काढलं. डोळ्यांजवळ नेऊन त्याच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचली. तशीच कोबीच्या सरीत खाली बसली, ओल्या मातीत. बंदूक मांडीवर उघडी. तिची बोटं नळ्यांच्या मागच्या बाजूवरनं फिरत होती, आंधळ्या माणसानं चेहरा चाचपावा तशी.

"हे दुसरं पण मी मारणार होते," ती म्हणाली. तेवढंच.

रुपाली तिच्यासमोर उकिडवी बसली. "प्रीता, मी..."

"नाही, मावशी." तिनं मान हलवली. "बॅग तुम्ही भरली. बंदुकीत मी घातलं. वाटलं, मीच भरली असेल पूजेला न्यायच्या आधी. प्रत्येकावर लिहिलेलं असतं. मी दिवसभर लोकांचे पत्ते वाचते, यार. हे नाही वाचलं."

"मी सांगायला हवं होतं."

"हो," प्रीता म्हणाली. "ते पण."

हे ऐकून मी चाट पडलो. आपल्याकडे असं काही झालं की एक जण म्हणतो माझं चुकलं, दुसरा म्हणतो छे छे, तुमचं कसलं. ही पोरगी सरळ हो म्हणाली. आणि रुपालीला राग आला नाही. उलट तिचे खांदे खाली आले, कुणीतरी डोक्यावरचा भारा उतरवून घ्यावा तसे.

बंदूक पुढं कारागिराकडं गेली, हे इथंच सांगून टाकतो. नळीला फुगवटा नव्हता, बिजागरीचा सांधा मात्र ढिला झाला होता. दुसऱ्या बारानं काय झालं असतं हे कारागीर सांगू शकला नाही, आणि तिनं विचारलंही नाही. पण हे नंतरचं.

तेव्हा शेतात ती उठायला लागली तर तिचे हात इतके कापत होते की बंदूक पेटीत ठेवताना कडी लागेना. मला हात लावायची बंदी. रुपालीनंच कडी लावली.

"ससा," प्रीता म्हणाली. "ससा आणायला हवा. टाकून जायचं नाही."

मी निघालो होतो. पण माझे गुडघे आणि त्या सऱ्या यांचं जमेना. आणि मी वळून बघतो तर रुपाली ओळीच्या टोकाला पोचली होती. ती बराच वेळ सशाकडं बघत उभी राहिली. मग तिथनंच विचारलं, "कुठं धरायचं?"

"मागचे पाय. दोन्ही एकत्र."

अंडं वेगळ्या भांड्यात उकडणारी माझी सून सशाचे मागचे पाय मुठीत धरून, हात अंगापासून लांब करून, धुक्यातनं चालत आली. ओठ घट्ट मिटलेले. सशाचा एक लांबट कान कोबीच्या पानांना लागत होता. मी साठ वर्षांत पुष्कळ काही बघितलं आहे, लग्नातनं उठून गेलेला नवरा बघितला आहे, पण असा तोंडात बोट घालून कधी उभा राहिलो नव्हतो.

"हा आता कुठं ठेवू?"

"गाडीत मागं कूलर आहे, मावशी."

तिनं ठेवला. बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, ओढणीला पुसले. प्रीता गाडीच्या पायरीवर बसली होती, हात काखेत दाबून. गाडी चालवण्याच्या स्थितीत ती नव्हती. आम्हीही निघालो नाही. रेणूला फोन करायला रेंज असलेल्या जागी जायला हवं होतं, पण कुणी हललं नाही.

मग रुपालीनं ती चामड्याची पिशवी उचलली आणि प्रीताच्या गाडीच्या बॉनेटवर पालथी केली. काडतुसं गडगडली, तिनं हात आडवा धरून अडवली. सगळी लाल, सगळी पितळी बुडाची. तिची आणि प्रीताची मिसळलेली.

"दाखव मला," ती म्हणाली. "आकडा कुठं लिहितात?"

प्रीता उठली. एक उचलून तिनं बोट ठेवलं. रुपालीनं चष्मा डोक्यावरनं खाली घेतला. मग एक एक काडतूस घेऊन ती मोठ्यानं वाचायला लागली, पोरं शाळेत वाचतात तशी, आणि प्रीता नुसती म्हणायची, "लाँग." "लाँग." "हे माझं." लांबांचा ढीग वाढत गेला. आखूडांची रांग डाव्या हाताला, मोजकीच. मी बाजूला उभा राहून बघत होतो. धुकं उठायला लागलं होतं.

शेवटी एक राहिलं. त्याच्यावरची अक्षरं घासून गेली होती. रुपालीनं ते उजेडाकडं धरलं, अंगठ्यानं पुसलं, प्रीताच्या काडतुसाशेजारी उभं करून बघितलं.

"तुझंच वाटतंय," ती म्हणाली. "जुनं दिसतंय."

"वाचता येतंय?"

"नाही."

"मग ते लाँग," प्रीता म्हणाली.

रुपालीनं ते आपल्या ढिगात टाकलं.